पकडापकडीतली गोष्ट : पीटीच्या तासाच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१८ जून २०२४, मंगळवार

शाळा १५ तारखेला उघडली. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेसाठी प्रत्येक शिक्षकाने वर्षभराचा एक प्रकल्प घ्यायचा आहे. गणितवाल्यांनी पाढे घेतले, भाषेच्या मॅडमनी वाचनकोपरा घेतला. मी ‘पकडापकडीचे खेळ’ असं लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मॅडम, पकडापकडीला प्रकल्प कशाला? पोरं आपोआप खेळतात की.”

आपोआप खेळतात हे खरं. पण पळतं कोण आणि बघत कोण बसतं, तेवढंच मला शोधायचं आहे. शेवटी एक छोटी पुस्तिका करायची, तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला वापरता येईल अशी. सामान म्हणजे फक्की (मैदान आखायची पांढरी पूड), दोरी, जुने रुमाल, फार तर चार चेंडू. यापेक्षा जास्त लागेल तो खेळ आपल्याकडे खेळला जाणार नाही.

२० जून, गुरुवार

सहावी. पट ४३. काही न सांगता “पकडापकडी खेळा” म्हटलं आणि कडुनिंबाखाली वही घेऊन बसले.

मुलांनी दोन मिनिटांत चकून एकावर राज्य दिलं आणि लगेच स्वतःच नियम केला, शिवला की बाद. मी सांगितला नव्हता. कुठल्याशा स्पर्धेतून तो त्यांच्यात आलाय आणि पक्का बसलाय. पुढे काय होणार ते उघड होतं. राज्य असलेला मुलगा हुशार, त्याने आधी हळू पळणारे टिपले. जाडसर, दमेकरी, चप्पल घालून आलेले आणि लाजून कडेला उभ्या असलेल्या दोन मुली, हे सगळे पहिल्या पाच मिनिटांत माझ्या शेजारी कडुनिंबाखाली. उरलेले सात-आठ चपळ गडी तास संपेपर्यंत पळत होते. त्यांना पळायला शिकवायची गरजच नाही.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. आमचा तास ३५ मिनिटांचा, त्यातली रांग, हजेरी, पाणी वजा करता हातात पंचवीस. त्यातली वीस मिनिटं ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज तो बसून काढतो.

म्हणून पुस्तिकेचा पहिला नियम आजच लिहून टाकला. ज्याला शिवलं त्याला काम मिळालं पाहिजे. बाद होऊन बसायचं असेल तो खेळ पुस्तिकेत नाही.

दुसराही लिहिला. राज्य असलेल्याला राक्षस किंवा डायनासोर म्हटलं म्हणजे खेळ कल्पक होत नाही, तो नुसता रंग लावणं झालं. शिवल्यावर काय होतं आणि सुटका कशी होते, हे गोष्टीमुळे बदललं पाहिजे. बदलत नसेल तर गोष्ट काढून टाकावी, साधी पकडापकडीच बरी.

२७ जून, गुरुवार

आधी घरचं धन मोजलं. मुलांना आणि त्यांच्या आज्यांना विचारून गावात चालणारे शिवाशिवीचे प्रकार जमवले.

विषामृत सगळ्यांना येतो. ‘विष’ म्हणून शिवलं की जागेवर पुतळा, कुणीही येऊन ‘अमृत’ म्हणून शिवलं की सुटका. माझे दोन्ही नियम यात कधीचेच आहेत. पुतळा झालेला ओरडून मदत मागतो, आणि सोडवणारा स्वतः धोका पत्करून येतो. अडचण एवढीच की ४३ मुलांत एका विषाचं काही चालत नाही, तीन विषं लागतात.

साखळीत शिवलेला मुलगा पकडणाऱ्याचा हात धरतो, साखळी वाढत जाते. शेवटच्या टोकाची मुलं मात्र भेलकांडतात, म्हणून चार जणांची झाली की दोन-दोनची तोडायची. डोंगर का पाणी छान, पण डोंगर हवा. आमच्या मैदानाला फक्त झेंड्याचा ओटा आहे आणि त्यावर बारापेक्षा जास्त मुलं मावत नाहीत. लंगडी सर्वांत न्यायाची, कारण पकडणाऱ्याचा एक पाय काढून घेतलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवायची : पळणाऱ्यांना सवलत देण्यापेक्षा पकडणाऱ्यावर बंधन घातलं की खेळ जास्त रंगतो.

एका आजीने ‘कच्चा लिंबू’ची आठवण काढली. लहान भावंड खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. घरच्या अंगणात फार गोड पद्धत आहे. पण सहावीत पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) घालून येणारी एक मुलगी आहे, तिला कच्चा लिंबू केलं तर ती खेळात असूनही नसते. तिला कुणी शिवत नाही आणि तिलाही ते कळतं. पुस्तिकेत कच्चा लिंबू नको.

९ जुलै, मंगळवार

सुरक्षेचं एकदाचं लिहून टाकते, पुन्हा पुन्हा नको.

शिवायचं ते खांद्याला किंवा पाठीला, उघड्या तळहाताने. ढकलणं, शर्ट ओढणं, पाय घालणं यापैकी काही झालं की शिवणं धरायचं नाही. ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ, पिन नको. चप्पलवाल्यांनी अनवाणी पळायचं, पण आधी सगळ्यांनी मिळून खडे वेचायचे. फक्कीची रेघ भिंतीपासून दोन मीटर आत, कारण मूल भोज्याला शिवायला जातं तेव्हा थांबत नाही, आदळतं. भोज्या म्हणून भिंत किंवा खांब द्यायचाच नाही, जमिनीवर गोल आखायचा.

दम किती लागला ते मोजायला मुलांना मानेवरची नाडी धरायला शिकवली. दहा सेकंद मोजायची. आकडा २५ च्या पुढे गेला तर खेळ चांगला. मुलांना हे इतकं आवडलं की आता खेळ थांबवला की शिट्टीआधीच हात मानेवर जातात.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी. परिपाठाला दिंडी झाली, मग झड लागली. पीटीचा तास व्हरांड्यात. पळायला बंदी, म्हणून टाचेला अंगठा लावत चालायची पकडापकडी घेतली. ‘चिखलाची वाट’ नाव दिलं. बरी आहे, पावसाळ्यात वेळ निभावते. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. परिपाठात सापावर बोलणं झालं. या दिवसांत भातखाचरात, गवतात कामं चालू असतात आणि सर्पदंशाच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारावर केलेलं काम इकडच्या घराघरात माहीत आहे, तरीही साप चावला की आधी देवळात नेणारी माणसं अजून आहेत. मुलांना विचारलं, साप चावल्यावर काय करायचं? “पळत सुटायचं”, “घट्ट दोरी बांधायची”, “रक्त चोखायचं”. तिन्ही चूक. पळायचं नाही, आवळायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना.

इथे एकदम लक्षात आलं की विषामृतातला पुतळा म्हणजे प्रथमोपचारच आहे. चावलं की हलायचं नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

‘चार साप’ खेळून पाहिला. चार जणांवर राज्य : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडचे मुख्य विषारी साप हेच चार आणि प्रतिविषाचं इंजेक्शन याच चारांवर मिळून केलेलं असतं. चौघांच्या मनगटाला वेगळ्या रंगाचे रुमाल. ज्याला शिवलं त्याने जागेवर थांबायचं आणि एक हात वर करून “एकशे आठ!” म्हणून ओरडायचं.

रुग्णवाहिका म्हणजे विहिरीच्या जुन्या दोराचं मोठं वेटोळं, दोघांनी आत उभं राहून कमरेशी धरायचं. त्यांनी रुग्णापर्यंत यायचं, त्याला वेटोळ्यात घ्यायचं आणि तिघांनी चालत मैदानाच्या कोपऱ्यातल्या दवाखान्यात जायचं. चालत, पळत नाही. रुग्ण धावला की पुन्हा जागेवर. दोराच्या आत असताना साप शिवू शकत नाही. दवाखान्यात वीस अंक मोजले की मोकळा.

मग एक कोपरा मांत्रिकाचा केला. तो दवाखान्यापेक्षा मुद्दाम जवळ ठेवला, मधल्या ओट्यापाशी. तिथे जायला रुग्णवाहिका लागत नाही, मित्राने हाताला धरून नेलं तरी चालतं. मांत्रिक पन्नास अंक मोजतो, फुंकर मारतो, आणि मग रुग्णाला पुन्हा रुग्णवाहिकेची वाट बघत तिथेच उभं राहावं लागतं. पहिल्या डावात निम्मी मुलं मांत्रिकाकडे धावली, जवळ म्हणून. ओट्यापाशी गर्दी झाली आणि एकशे आठच्या आरोळ्यांनी मैदान दणाणलं. दुसऱ्या डावात तिथे कुणी फिरकलं नाही. मांत्रिक झालेला मुलगा कंटाळून म्हणाला, “मॅडम, माझ्याकडं गिऱ्हाईकच नाही. मी रुग्णवाहिकेत जाऊ का?” जा म्हटलं.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. सातवी-आठवीला हे सांगता येतं. सहावीला खेळ पुरे.

खेळ म्हणून पाहिलं तर दोरामुळे मजा येते. वेटोळ्यातल्या दोघांना एकाच वेगाने चालावं लागतं, नाहीतर रुग्णाच्या पोटाला दोर लागतो. भांडखोर जोडी मुद्दाम आत घालते, अर्ध्या मैदानापर्यंत त्यांचं ठरतं कोणी सांगायचं आणि कोणी ऐकायचं. ४३ मुलांना दोन रुग्णवाहिका पुरत नाहीत, तीन हव्यात.

२० ऑगस्ट, मंगळवार

आमच्या मैदानातून शिवनेरी दिसतो. इथल्या मुलांना शिवचरित्रातले प्रसंग पाठच असतात, चौथीला इतिहासात तेच असतं. १७ ऑगस्ट १६६६ ची आग्र्याहून सुटका नुकतीच परिपाठात झाली होती, म्हणून ‘पेटारे’ आज घेतला.

मैदानाच्या एका टोकाला आग्रा, दुसऱ्या टोकाला राजगड. मधल्या पट्ट्यात फुलादखानाचे सहा पहारेकरी. उरलेली सगळी मुलं पेटारे. आग्र्याच्या गोलात सगळ्यांनी डोकी एकत्र करून चिंचोके वाटून घ्यायचे; पाच जणांच्या मुठीत चिंचोका, बाकीच्यांच्या मुठी रिकाम्या, पण वळलेल्या. शिट्टी झाली की सगळे निघाले. पहारेकऱ्याने शिवलं की थांबायचं आणि मूठ उघडायची. रिकामी असेल तर पहारेकऱ्याने मोठ्याने “मिठाई आहे, जाऊ दे” म्हणायचं आणि सोडायचं. चिंचोका सापडला तर त्या मुलाने पहारेकऱ्याची जागा घ्यायची आणि पहारेकरी पेटारा होणार.

यात शिवलं जाण्याचं भय उरतच नाही. उलट ज्यांच्या मुठी रिकाम्या ती मुलं मुद्दाम पहारेकऱ्याच्या अंगावर जातात, कारण तो त्यांच्या मुठी उघडत बसला की खरा पेटारा निसटतो. तिसऱ्या डावात सहावीच्या पोरांनी जे केलं ते मी सुचवलं नव्हतं. सगळ्यांत चपळ चौघं मुठी छातीशी घट्ट धरून, घाबरल्याचं नाटक करत डाव्या कडेने सुटली. सहाही पहारेकरी त्यांच्या मागे. आणि कॅलिपरवाली मुलगी उजव्या फक्कीच्या रेघेवरून, आपल्या नेहमीच्या चालीने, कुणाकडेही न बघता चालत गेली. राजगडाच्या गोलात पोचल्यावर तिने मूठ उघडली. एक नव्हे, तीन चिंचोके होते. पोरांनी पाचातले तीन तिच्याकडेच दिले होते.

पुढच्या डावापासून अर्थातच पहारेकरी तिच्यावरही धावायला लागले. एकाने तिला शिवलं, मूठ रिकामी निघाली, आणि तिने त्याला “म्हणा की, मिठाई आहे!” असं दरडावलं.

टिपण : चिंचोके कुणाकडे ते मुलांनाच ठरवू द्यायचं. शिक्षकाने ठरवलं तर ते दयेपोटी होतं आणि मुलांच्या लगेच लक्षात येतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

विज्ञानाच्या सरांच्या आग्रहावरून ‘अन्नसाखळी’ घेतला. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, मोर. प्रत्येकाने आपल्या खालच्याला पकडायचं, वरच्यापासून पळायचं, पकडला गेला की एक पायरी खाली. कागदावर सुंदर. मैदानात दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी थांबून “मी आता कोण?” विचारतं. पाच रंगांच्या पट्ट्या बदलण्यात पळणं राहून जातं. तीन पायऱ्यांवर आणून पाहिला, उंदीर-साप-घुबड, तर जमला, पण विशेष काही नाही. नाडीचा आकडा विसाच्या आसपास. पुस्तिकेतून वगळला. सर थोडे नाराज.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आठवीचा प्रश्न वेगळा आहे. मुलं-मुली एकत्र खेळायला तयार असतात, पण शिवायची वेळ आली की हात अडखळतो. कुणी काही बोलत नाही, फक्त मुलं मुलांनाच शिवतात आणि मुली मुलींनाच, की एका मैदानात दोन खेळ सुरू. यावर भाषण देऊन काही होत नाही. खेळच असा हवा की अंगाला हात लावायची वेळ येणार नाही.

दोन सापडले. एक, शेपटी : कमरेला मागे रुमाल खोचायचा, तो ओढायचा. ‘वानरसेना’ म्हणून दोन गट केले, ओढलेली शेपटी आपल्या गोटात नेऊन टाकायची आणि ज्याची गेली त्याने दहा दोरीउड्या मारून गोटातली एक शेपटी परत खोचायची. रुमाल मुठीएवढा तरी बाहेर लोंबला पाहिजे. पोरं शेंडा तेवढा बाहेर ठेवतात.

दुसरा आपला जुना ऊन-सावली, पण उलटा : सावलीवर पाय दिला की शिवलं. सकाळच्या पहिल्या तासाला किंवा चारनंतर सावल्या लांब असतात तेव्हाच घ्यावा. दुपारी बाराला सावली पायाखाली आणि पोरं एकमेकांच्या बोटांवर नाचतात. या खेळात उंच मुलांना पळणं अवघड जातं आणि बुटक्यांचं राज्य असतं. अशी संधी त्यांना क्वचितच मिळते. सावली लहान करायला खाली बसायचं, सावल्या एकमेकांत मिसळायच्या, झाडाच्या सावलीत घुसून स्वतःची नाहीशी करायची, या सगळ्या युक्त्या त्यांच्या त्यांनी काढल्या. झाडाखाली पाच अंकांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा एक नियम मी घातला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक. आमची शाळा मतदान केंद्र होती. मैदानावर मांडवाच्या खड्ड्यांच्या खुणा. ते बुजवून घेतले. खेळ काही नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

सहावीने स्वतः मागणी केली : “मॅडम, वाघाचा खेळ घ्या.” इकडे वाघ म्हणजे बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूरचा सगळा ऊसपट्टा त्याचं घर झालाय. ऊस वर्षभराहून जास्त उभा असतो, दाट, ओला, आत कुणी जात नाही. माद्या तिथेच वितात. आता तोडी सुरू झाल्यात, म्हणजे बिबटे उघड्यावर यायचे दिवस. पलीकडे माणिकडोहला वनखात्याचं निवारा केंद्र आहे, मुलं तिथली पिंजऱ्यांची वर्णनं मिटक्या मारत सांगतात. पण यातलीच निम्मी मुलं उसाच्या बांधावरून घरी जातात. एकाच्या गोठ्यातली शेळी गेल्या महिन्यात गेली.

लगेच हो म्हटलं नाही. दोन शंका आहेत. पहिली, एखाद्या मुलाच्या मनात खरीच भीती बसलेली असेल तर तिचा खेळ करावा का? वर्गशिक्षिकेशी आणि काही पालकांशी बोलले. कुणी नको म्हटलं नाही. एक आई म्हणाली, “घरात तर रोज त्याचंच बोलणं, शाळेत खेळली म्हणून काय जास्त घाबरतील?” तरी ठरवलं की ज्याला नको त्याने शिट्टी आणि पाट्या सांभाळायच्या, कारण विचारायचं नाही.

दुसरी शंका जास्त गंभीर. पकडापकडीत वाचायचा उपाय म्हणजे पळणं. आणि बिबट्यासमोर नेमकं पळायचं नसतं. वनखातं सांगतं ते हे : एकटं जाऊ नका, वाकून किंवा बसून राहू नका, पाठ फिरवून पळू नका, गटाने चाला, बोलत-वाजवत चाला. नेहमीची पकडापकडी बिबट्याच्या नावाने घेतली तर खेळता खेळता मुलांच्या अंगात उलटंच मुरणार. खेळात शरीर जे शिकतं ते विसरत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

म्हणून नियम उलटे बांधले. ‘उसातला बिबट्या’.

मैदानाच्या दोन बाजूंना फक्कीने दोन उसाचे फड आखले, मध्ये मोकळी वाट, टोकाला वस्ती. तिघांवर राज्य, तिघे बिबटे. बाकीच्यांनी वस्तीतून निघून फडाच्या कडेला ठेवलेली कांडी, म्हणजे आमच्या रिले रेसच्या काठ्या आणि थोडी चिपाडं, उचलून वस्तीत आणायची. कांडं उचलायला वाकावं लागतं आणि वाकलेल्या मुलालाच बिबट्या शिवू शकतो. न वाकलेल्या पण एकट्या मुलालाही शिवू शकतो, तो पळत असेल तर. पण दोघं-तिघं खांद्याला खांदा लावून, हात वर करून मोठ्याने ओरडत असतील तर बिबट्याने थांबायचं आणि तीन पावलं मागे सरकायचं. मुलांनीही पाठ न दाखवता मागे मागे सरकत वस्तीकडे यायचं.

शिवलं तर कुणी मरत नाही, हे आधीच सांगितलं. कांडं खाली टाकायचं, वस्तीत परत जायचं आणि दोन सोबती मिळाल्याशिवाय पुन्हा निघायचं नाही.

पहिली दहा मिनिटं सगळे जुन्या सवयीने पळाले आणि सटासट शिवले गेले. वस्ती भरून गेली. तिथे सोबती शोधण्याची झुंबड उडाली, आणि मग त्यांचं त्यांना उमगलं. चौघांची टोळी निघाली : एकजण वाकून कांडं उचलणार, तिघं त्याच्याभोवती हात वर करून उभे, घसा फोडून गाणी म्हणत. बिबट्या झालेली मुलगी समोर येऊन उभी राहिली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, फट सापडेना. ती गुरगुरली, तर टोळीतल्या सगळ्यात लहान पोराने तिच्याकडे बोट करून ओरडून सांगितलं, “जा ना बाई, उसात जा!” आणि तिला नियमाप्रमाणे तीन पावलं मागे जावं लागलं.

पण मग अडचण आली. टोळ्या इतक्या पक्क्या झाल्या की पळणंच थांबलं, नाडी अठरावर. म्हणून कांड्यांचे ढीग लांब-लांब ठेवले आणि टोळीत जास्तीत जास्त तीनच जण, शिवाय गुरगुरण्याला उत्तर देऊन झालं की टोळी मोडून दुसरे सोबती घ्यायचे. आता मोडणं-जुळणं सतत चालू राहतं, बिबटेही एका फडातून दुसऱ्या फडात पळत असतात. आकडा परत २५ वर आला.

१७ डिसेंबर, मंगळवार

ऊसतोड कामगारांच्या मुलांपैकी दोघं हंगामापुरती आमच्या शाळेत बसतात. त्यांतला एक म्हणाला की फड तोडत आणला की मधे पिल्लं सापडतात, मांजरीएवढी, आणि सगळे लांब होतात. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासून खोक्यात त्याच जागी ठेवतात, रात्री मादी येऊन घेऊन जाते. हे त्याने पाहिलेलं होतं.

त्याच्याच सांगण्यावरून दुसरा भाग जोडला. फडाची फक्कीची रेघ दर डावाला दोन पावलं आत सरकवायची, म्हणजे तोड चालू आहे. फडाच्या मध्यावर खोक्यात तीन चेंडू, ती पिल्लं. बिबट्या मादीने कुणालाही न शिवता, टोळ्यांना चुकवत फडाबाहेरून येऊन चेंडू उचलून दुसऱ्या फडात न्यायचे. आता ज्याच्यावर राज्य तोच पळतो आहे आणि टोळ्यांनी वाट सोडायची की अडवायची हे त्यांच्या हातात. पहिल्या डावात अडवलं. दुसऱ्यात सहावीच्या मुलींनी आपसांत ठरवून वाट सोडली. मुलांनी “असं कसं, आपण हरलो ना!” म्हणून कल्ला केला. हरलो की नाही यावर वर्गात जाईपर्यंत वाद. मी मधे पडले नाही.

२० जानेवारी २०२५, सोमवार

काल दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक संपला. महिला आणि पुरुष, दोन्ही विभागांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. परिपाठाला दुसरा विषय नव्हता.

आज मुद्दाम खो-खोकडे पकडापकडी म्हणूनच पाहायला लावलं. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बांधले गेले. विचारलं, पळणाऱ्याला सगळीकडे मोकळीक आणि पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, असं का केलं असेल? एक मुलगा म्हणाला, “नाहीतर फास्ट पळणाराच जिंकला असता.” अगदी हेच. आठजण बसलेले असतात, पण निवांत नसतात. दर क्षणी आपल्याला खो मिळेल या तयारीत असतात. बसलेल्याला सगळ्यात महत्त्वाचं काम देणारा पकडापकडीचा खेळ मला दुसरा माहीत नाही. आट्यापाट्यातही तेच, पाटीवरचा गडी आपली पाटी सोडू शकत नाही.

मग अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमधला ‘वजीर’ घेऊन पाहिला, ज्याला कुठल्याही दिशेला वळायची मुभा असते. बघायला चित्तथरारक, टीव्हीसाठी उत्तम. पण आमच्या वर्गात वजीर कोण हे आधीच ठरलेलं असतं आणि खो त्यालाच मिळत राहतो. वर्गासाठी जुनाच बरा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तिकेचा मजकूर केंद्रप्रमुखांकडे दिला. घेतलेले खेळ : विषामृत (तीन विषांचा), चार साप, पेटारे, वानरसेना, सावली, चिखलाची वाट, उसातला बिबट्या. प्रत्येकाला एकच पान : आखणीचं चित्र, सामान, शिवल्यावर काय करायचं, कुठे अडतं.

परिषदेत शेजारच्या शाळेच्या सरांनी विचारलं की आमच्याकडे ऊस नाही, डोंगर आहे, तर बिबट्याचं काय? म्हटलं, नावं बदला, गोष्ट तुमच्या गावची घ्या, पण गटाने उभं राहायचा नियम काढू नका. दुसऱ्या एका मॅडमना १९ तारखेला शिवजयंतीच्या कार्यक्रमात ‘पेटारे’ व्यासपीठावर बसवायचा आहे. त्यांना सांगितलं, बसवा, पण चिंचोके कुणाकडे ते मुलांना आयत्या वेळी ठरवू द्या, नाहीतर ते नाटक होईल.

मुख्याध्यापकांनी पुस्तिकेसाठी छपाईचे पैसे शाळेच्या किरकोळ खर्चातून द्यायचं कबूल केलंय. त्यातच दोराची किंमतही घालून मागितली, तीन रुग्णवाहिकांपुरती. जुना दोर सातवीने रस्सीखेचीत तोडला.